वाचक विचारतात: घरांसाठी सगळ्या महापालिकांनी मिळून पैसे काढले तर?

गेल्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या, की मुंबई महानगर प्रदेशातल्या नऊ महापालिकांनी परवडणाऱ्या घरांसाठी एक सामायिक निधी काढावा, प्रत्येकीने आपल्या कमाईप्रमाणे त्यात पैसे टाकावेत आणि घरं कुठे बांधायची ते सगळ्यांनी बसून ठरवावं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. रागाची पत्रंही घेतलीयत, कारण त्यांतले प्रश्न रास्त आहेत.

ताई, मी विरारला राहतो, नोकरी लोअर परळला. मुंबई महापालिका म्हणणार हा आमच्या हद्दीतला नाही, वसई-विरार महापालिका म्हणणार आमच्याकडे पैसा नाही. मग माझ्यासारख्याच्या घराची जबाबदारी नक्की कोणाची?
– एक वाचक, विरार पश्चिम

दादा, आज कोणाचीच नाही, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. २००१ आणि २०११ ची जनगणना शेजारी ठेवून बघा, मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, तिथली लोकसंख्या चक्क घटली, ३३ लाखांवरून साधारण ३१ लाखांवर आली, आणि त्याच २०११ मध्ये तुमची वसई-विरार १२ लाखांच्या वर होती, कल्याण-डोंबिवलीही तेवढीच. माणसं बाहेर गेली पण ऑफिसं काही तेवढी बाहेर गेली नाहीत, ती लोअर परळ, बीकेसी, अंधेरीलाच राहिली. त्यामुळे तुम्ही दिवसभर जिथे राबता तिथल्या ऑफिसचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेला जातो, आणि रात्री जिथे पाठ टेकता तिथलं पाणी, गटार, शाळा, दवाखाना हे सगळं वसई-विरारच्या अंगावर.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. मुंबईत जकात होती ती जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, पण तिच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं आणि कायद्याप्रमाणे ती रक्कम दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. ज्या शहरात व्यापार आधीच जास्त होता त्याची भरपाई जास्त, हे ओघाने आलंच. म्हणजे पैसा धंद्याजवळ राहिला आणि माणूस जिथे भाडं झेपतं तिथे गेला, आणि या दोघांना जोडणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे तुमचा रेल्वेचा पास.

तुमच्या शेजारचंच बोलिंज घ्या. म्हाडाच्या कोकण मंडळाने तिथे हजारो घरं बांधली, इमारती उभ्या राहिल्या, आणि घरं वर्षानुवर्षं विकली जाईनात कारण पाण्याची बोंब होती. घर बांधणारी संस्था एक, पाणी देणारी दुसरी, आणि दुसरीकडे द्यायला पाणीच नाही. शेवटी पाणी आलं ते सूर्या प्रकल्पातून, एमएमआरडीएच्या, म्हणजे राज्य सरकारच्या महानगर विकास प्राधिकरणाच्या योजनेतून, ४०३ दशलक्ष लिटरची योजना, त्यात १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. ही योजना वसई-विरारने एकटीने केली असती का? नसतीच झाली. पाण्याच्या बाबतीत आपल्याला कळलंय की हा सगळ्या प्रदेशाचा प्रश्न आहे, मग घराच्या बाबतीत अजून प्रत्येक महापालिका आपापल्या कुंपणात का बसलीय हे मला खरंच समजत नाही.

तुम्ही लिहिलं होतं की अमेरिकेत काही शहरं असे पैसे एकत्र करतात. नक्की कसं करतात? थोडं उलगडून सांगा, आमच्या अभ्यास गटात चर्चा आहे.
– एक वाचक, पार्ले पूर्व

जुनं आणि मला आवडणारं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातलं आहे. (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, हे तिकडे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य, सिएटलवालं.) सिएटलच्या पूर्वेला तळ्यापलीकडे बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड अशी शहरं आहेत, रेडमंडला मायक्रोसॉफ्टचं मुख्य ऑफिस. नोकऱ्या वाढल्या, पगार वाढले, घरं आवाक्याबाहेर गेली आणि शाळेतले शिक्षक, नर्सेस, दुकानातली पोरं लांब लांब राहायला गेली. तर १९९२ मध्ये या शहरांनी आणि किंग काउंटीने, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा, मिळून एक संस्था काढली, तिचं नाव आर्च. आज त्यात १५ शहरं आणि ती काउंटी आहे, आणि त्यात मेडिनासारखी अगदी छोटी पण गडगंज श्रीमंत गावंही आहेत.

यात मला महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत. प्रत्येक शहराने किती द्यायचं याचं एक उद्दिष्ट आपसात ठरलेलं असतं, ते पैसे एका ट्रस्ट फंडात जातात, मग घरं बांधणाऱ्या संस्था, त्यांत बऱ्याच ना-नफा संस्था, अर्ज करतात, नागरिकांची एक समिती ते अर्ज तपासते, पुढे शहरांच्या प्रशासकांचं मंडळ शिफारस करतं, आणि शेवटी प्रत्येक शहराची कौन्सिल आपल्या वाट्याच्या पैशाला स्वतः मंजुरी देते. म्हणजे कोणाचाही अधिकार काढून घेतलेला नाही. तरीसुद्धा असं होतं की कर्कलंडमध्ये इमारत उभी राहते आणि तिच्यात मेडिनाचेही पैसे असतात, बेलव्ह्यूचेही असतात. शिवाय सगळ्यांसाठी मिळून एकच तज्ज्ञ स्टाफ, छोट्या गावाला वेगळा हाउसिंग ऑफिसर ठेवायला परवडत नाही ना, त्याचं काम हाच स्टाफ करतो. माझ्या मते आपल्याकडच्या नगरपरिषदांना पैशाइतकीच याची गरज आहे.

त्याच काउंटीच्या दक्षिण भागात तुलनेने गरीब शहरं आहेत, केंट, ऑबर्न, रेंटन वगैरे, त्यांनी २०१९ मध्ये अशीच आघाडी केली. त्यांच्याकडे मेडिनासारखी गावं नाहीत, मग पैसा कुठला? तर राज्याने २०१९ मध्ये कायदा केला की तुमच्या हद्दीत जो विक्रीकर गोळा होतो त्यातला राज्याच्या वाट्याचा छोटा हिस्सा २० वर्षं तुम्हीच ठेवा, पण घरांसाठीच वापरा. लोकांवर नवा कर नाही, राज्याने आपला वाटा सोडला. त्या शहरांनी एकेकट्याने तो वापरला असता तर दोन खोल्यांची डागडुजी झाली असती, म्हणून त्यांनी तो एकत्र केला.

सगळीकडे जमलं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ९ काउंट्यांनी मिळून २० अब्ज डॉलरचं कर्जरोखं काढायचा प्रस्ताव लोकांच्या मतदानाला ठेवायचं ठरवलं होतं, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये मतपत्रिका छापायच्या आधीच मागे घेतलं. तिथे तर तडजोड अशी होती की ८० टक्के पैसा ज्या काउंटीतून येईल तिलाच परत, उरलेला २० टक्के फक्त सामायिक. तरी झालं नाही. लॉस एंजेलिसला मात्र त्याच नोव्हेंबरमध्ये लोकांनी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला, त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा काउंटीभरच्या घरबांधणी संस्थेला जातो.

मी मुलुंडला राहते, ३० वर्षं नियमित कर भरला. आमच्याकडे रस्ते खोदलेले, फुटपाथ नाहीत, आणि तुम्ही म्हणता आमच्या महापालिकेचे पैसे कल्याणला द्या? आधी आमचं तर नीट करू देत.
– एक वाचक, मुलुंड पश्चिम

ताई, तुमचा राग खरा आहे आणि रस्त्यांबद्दल तुमच्याशी वाद घालायचं काही कारणच नाही. पण थोडं ऐकून घ्या.

मुंबई महापालिकेची कमाई कुठून होते ते बघा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. म्हणजे मोठा पैसा येतो तो ऑफिसं, दुकानं, हॉटेलं यांच्या करातून, जीएसटीच्या भरपाईतून आणि बिल्डर जादा एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करायच्या परवानगीसाठी भरतात त्या प्रीमियममधून. आता ही ऑफिसं चालवतं कोण? रोज सकाळी तुमच्या मुलुंड स्टेशनातून ज्या फास्ट लोकल न थांबता जातात त्यांच्यात लोंबकळणारी माणसं. बदलापूरची, टिटवाळ्याची, आसनगावची. त्यांच्या कष्टावर ते ऑफिस उभं आहे आणि त्या ऑफिसच्या कराचा एक पैसाही त्यांच्या गावाला जात नाही.

पाण्याचंही तेच. तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मुंबई तेच पाणी पिते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. तेव्हा आपण मुंबईकर कधी म्हणत नाही की हद्दीबाहेरचं आम्हाला काही नको.

सोसायटीत तळमजल्यावरचे लोक म्हणतात ना, आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे का भरू, आणि उपविधी सांगतात की त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखेच भरायचे, वापरा की नका वापरू. इथे तर उलटं आहे, लिफ्ट आपण वापरतोय आणि बिल दुसऱ्याच्या दारात जातंय.

तरी तुमचे आजचे पैसे उचलून द्या असं मी म्हणतच नाही, आणि याचा एक रस्ता आहे. मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं, त्यांच्याभोवती ७ काउंट्या, तिथे १९७१ मध्ये कायदा झाला की व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात इथून पुढे जी वाढ होईल त्या वाढीतला ४० टक्के भाग सामायिक खात्यात धरायचा आणि तो सगळ्या गावांमध्ये वाटायचा. तो पैसा फक्त घरांसाठी नाही, सगळ्याच कामांसाठी आहे, पण त्यातली कल्पना बघा, जे आधीचं आहे त्याला कोणी हात लावत नाही, फक्त वाढीतला हिस्सा. हा कायदा ५० वर्षांहून जास्त चाललाय. मुंबईत असं काही करायचं तर ४० टक्केही नकोत, प्रीमियमच्या वाढीतला थोडासा हिस्सा बाजूला काढला तरी वसई किंवा भिवंडीसाठी तो प्रचंड असेल.

आणि अजून एक, तुम्ही मुलुंडच्या आहात म्हणून मुद्दाम. चेकनाक्याच्या अलीकडे घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ६ टक्के, पलीकडे ठाण्यात घेतलं तर ७ टक्के, कारण तिथे स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा असे दोन्ही अधिभार लागतात. महागड्या शहरात कमी टक्के आणि ज्याला तिथे परवडलं नाही म्हणून तो नाक्यापलीकडे गेला त्याला जास्त. हे कोणालाच अन्यायाचं वाटत नाही याचंच मला नवल वाटतं.

एमएमआरडीए आहे, म्हाडा आहे, सिडको आहे, एसआरए आहे. आणखी एक संस्था कशाला?
– एक वाचक, ऐरोली

नवीन संस्था नकोच आहे, पैसे टाकण्याचा आणि ठरवण्याचा करार हवा आहे. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या राज्य सरकारच्या संस्था. एमएमआरडीए १९७५ पासून आहे आणि अध्यक्ष राज्याचे नगरविकास मंत्री. तिने बीकेसीतले प्लॉट देऊन पैसा केला, तो मुख्यतः मेट्रो, पूल, रस्ते यांत गेला, ते हवंच होतं, पण घर हे तिचं मुख्य काम कधी नव्हतं. म्हाडा घरं बांधते पण नगरपरिषदेला विचारून नाही. शिरढोण-खोणीला घरं बांधली, लोकांना विचारा रस्ता आणि बस कधी आली. जिथे घर होणार तिथल्या स्थानिक संस्थेला ना त्यात पैसे टाकायचे असतात ना बोलायचं असतं, मग ती ते ओझं समजते, आणि तिचंही चूक नाही.

आणि अशा एकत्र बसण्याची सोय आपल्या राज्यघटनेतच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती, कलम २४३ झेडई, १० लाखांपेक्षा मोठ्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याचा कायदाही केला. पण तिला स्वतःचा पैसा नाही, म्हणून वजनही नाही. शिवाय नगरसेवकच नसतील तर निवडून देणार कोण? नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून प्रशासक बसले, मुंबईत मार्च २०२२ पासून, वर्षानुवर्षं. तेवढ्या काळात प्रदेशाबद्दल बोलायला लोकांनी निवडलेलं माणूसच नव्हतं.

माझे वडील गिरणी कामगार होते. आता आम्हाला शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतायत. तुमची ही 'प्रादेशिक' कल्पना म्हणजे गरिबांना आणखी लांब हाकलायचा नवा मार्ग तर नाही?
– एक वाचक, लालबाग

या पत्रापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि सामायिक निधीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी तिला उत्तर द्यायला हवं.

१९८२ चा संप, मग गिरण्या बंद, मग जमिनी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत होतं की गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला, हिस्से फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे धरायचे, बांधकामाखालची जमीन हिशोबातून बाहेर. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. त्या एका बदलाने परळ-लालबागमधली घरांची जमीन आटली. पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले आणि परळमध्ये घर मिळालं ते फार थोड्यांना. मग एमएमआरडीएची पनवेलजवळ कोनला बांधलेली घरं पुढे आली, २०१६ मध्ये लॉटरी निघाली, ६ लाखांत घर. आता शेलू आणि वांगणी, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानात आले ते याच्याच विरोधात, मुंबईतच घर द्या म्हणून.

असाच प्रकार परदेशात घडून गेलाय, फार शिकण्यासारखा आहे. न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं गाव, तिथे बांधकामाचे नियमच असे की गरिबाला घर बांधताच येऊ नये. तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये निकाल दिला की प्रत्येक गावाने आपल्या प्रदेशाच्या गरजेतला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे, फक्त स्वतःपुरतं बघून चालणार नाही. खूप मोठा निकाल. पण १९८५ मध्ये जो कायदा आला त्यात एक दार उघडं ठेवलं, की श्रीमंत गावाने आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं दुसऱ्या गावाकडे ढकलली तरी चालेल, पैसे देऊन. मग काय, श्रीमंत उपनगरं पैसे मोजायची आणि गरीब शहरं घ्यायची, कारण त्यांना पैशाची निकड. कागदावर याला प्रादेशिक सहकार्यच म्हणायचे. २००८ मध्ये कायदा करून ते दार बंद केलं.

म्हणून माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून हेच आहे, मुंबईने पैसे द्यावेत, पण पैसे देऊन जबाबदारीतून सुटता येणार नाही. करारातच लिहिलं पाहिजे की निधीतल्या घरांपैकी ठरावीक वाटा मुंबईच्या हद्दीत, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी झालाच पाहिजे, आणि ज्याचा हक्क मुंबईतल्या जमिनीवर तयार झालाय, जसा तुमच्या वडिलांचा, त्याला सामायिक निधीच्या नावाखाली बाहेर पाठवता येणार नाही. तुमचं घर हे कोणाच्या मदतीचं घर नाही, त्या जमिनीवरचं देणं आहे. विरारला आधीच राहणाऱ्या माणसाला विरारला चांगलं घर मिळावं यासाठी निधी वेगळा, आणि लालबागच्या माणसाला वांगणीला पाठवणं वेगळं. या दोन गोष्टी एकाच योजनेत मिसळल्या की भांडण लागतं आणि दोघांचंही नुकसान होतं.

मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर मोठ्या महापालिकांत २०१३ पासून नियम आहे की ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर प्रकल्प केला तर २० टक्के घरं छोटी, कमी उत्पन्नवाल्यांसाठी, म्हाडाच्या लॉटरीतून. ठाणे, कल्याणच्या बिल्डरला हा नियम आहे. वरळीच्या टॉवरला नाही. मला विचाराल तर एकत्र येण्याची सुरुवात इथूनच व्हावी, आधी मुंबईने तोच नियम स्वतःला लावून घ्यावा.

भाड्याच्या घरांचं काय? आमच्या भिवंडीत निम्मे कारागीर विकत घेऊच शकत नाहीत.
– एक वाचक, भिवंडी

अगदी खरं. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली होती, १६० चौरस फुटांची घरं, पण ती भाड्याने द्यायची, भाडं गोळा करायचं, दुरुस्ती करायची हे करणार कोण हेच ठरलं नाही, शेवटी त्यातली बरीच घरं दोनाची एक करून गिरणी कामगारांकडे वळवली, वर सांगितलेलं कोन त्यातलंच. भाड्याच्या घराला रोजचं बघणारं कोणीतरी स्थानिक लागतं, मंत्रालयातून ते होत नाही. सामायिक निधीत भाड्याच्या घरांचा वाटा वेगळा राखून ठेवावा आणि सांभाळायचं काम त्या त्या महापालिकेकडे पैशासकट द्यावं.

आम्ही बदलापूरवाले नऊ महापालिकांत येतच नाही. आम्हाला कोण विचारणार?
– एक वाचक, बदलापूर पूर्व

तुमचं बरोबर आहे, गेल्या वेळी मी नऊच लिहिल्या. महानगर प्रदेशात तुमची कुळगाव-बदलापूर आहे, अंबरनाथ आहे, कर्जत, खोपोली, पेण, उरण, अलिबाग आहे, शिवाय ग्रामपंचायती. खरी बांधकामं आता तुमच्याकडेच चाललीयत त्यामुळे तुम्ही आत हवेच, आणि मत लोकसंख्येप्रमाणे नको, नाहीतर मुंबई एकटीच सगळ्यांना पुरून उरेल.

पैसा येणार कुठून ते एकदा स्पष्ट सांगा. नवा कर लावणार असाल तर माझा विरोध.
– एक वाचक, खारघर

घर घेणाऱ्यावर नवा अधिभार लावायला माझाही विरोध आहे, तो आधीच वाकलाय. मला तीन झरे दिसतात. एक, जादा एफएसआयच्या प्रीमियममधला वाढीव हिस्सा, कारण तो पैसा जमिनीच्या किमतीतूनच येतो आणि जमिनीची किंमत प्रदेश वाढल्यामुळे वाढते. दोन, राज्याने मे २०२५ मध्ये नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आणि २०,००० कोटींचा महाआवास निधी त्यात आहे, त्यातला काही भाग अशा एकत्र आलेल्या महापालिकांना आधी द्यावा, म्हणजे एकत्र येण्यात त्यांना रस वाटेल. तीन, जमीन, महापालिकांची स्वतःची, आरक्षणातून मिळालेली आणि वर्षानुवर्षं पडून असलेली. आर्चच्या शहरांनीही नुसती रोकड दिली नाही, जमीन दिली, शुल्कं माफ केली.

आणि पैसा फिरता ठेवता येतो. चारकोप-गोराईची आठवण आहे ना? जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून मुंबई नागरी विकास प्रकल्प झाला, छोटे छोटे प्लॉट कमी उत्पन्नवाल्यांच्या सोसायट्यांना स्वस्तात आणि त्याच वसाहतीतले मोठे आणि व्यापारी प्लॉट बाजारभावाने, एकाच्या पैशातून दुसऱ्याची सोय. आज चारकोपला जाऊन बघा, भरलेली, नांदती वस्ती आहे.

म्हाडाच्या लॉटरीसाठी माझं उत्पन्न कोणत्या गटात येईल? वर्षाला साडेसात लाख आहे, नवरा-बायको मिळून.
– एक वाचक, दिवा

महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. तुम्ही अल्प गटात. अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा आत्ताच तयार ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ होते.

ताई, हे सगळं पटलं, पण होणार कसं? सुरुवात कोणी करायची?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

सगळ्यांनी एकदम यायची वाट बघितली तर कधीच होणार नाही. तिकडे आर्चही मोजक्या शहरांनीच सुरू केली आणि बाकीची नंतर आली. आपल्याकडे तर याचा नमुना तुमच्या शेजारीच आहे. शहाड-टेमघरची पाणी योजना, सगळे तिला स्टेम म्हणतात, ती कंपनी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. उल्हास नदीचं पाणी एकत्र उचलायचं, शुद्ध करायचं, वाटून घ्यायचं. कुरबुरी आहेत, थकबाकीची भांडणंही असतात, पण नळाला पाणी येतं. म्हणजे स्थानिक संस्था भागीदार होऊ शकतात हे इथे आधीच झालेलं आहे.

तसंच कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सलग पट्ट्याने मिळून करावं. आधी फक्त सामायिक स्टाफ ठेवा, चार-पाच माणसं, ज्यांना जमिनीचे कागद, कर्ज आणि केंद्राच्या आवास योजनेचे प्रस्ताव कळतात. मग आपापल्या बजेटमध्ये एक शीर्ष उघडा, रक्कम लहान का असेना. ते दिसलं की राज्याकडे आणि मुंबईकडे मागायला तोंड असतं.

तुम्ही काय करायचं विचारलंत, तर महापालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्याच्या आधी आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या आणि दोनच गोष्टी विचारा, आपल्या महापालिकेच्या नावावर घरांसाठी आरक्षित किती जमीन ताब्यात आहे आणि कुठे आहे, आणि शेजारच्या नगरपरिषदेबरोबर घरांसाठी बैठक घ्यायचा ठराव तुम्ही मांडणार का. जमिनीची यादी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. यादी हातात आली की मला पाठवा, पुढच्या अंकात ती घेऊन बसू.